सीमा ओलांडली की दवाखान्यावर लक्ष कोणाचे?

धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम आटोपला की आपल्या जिल्ह्यातल्या वस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर, गेवराई, परळी, कुठल्याही तालुक्यात जा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, एखादी शेळी आणि लेकरे चढलेली दिसतात. कोणी सांगली-कोल्हापूरला, कोणी सोलापूर-साताऱ्याला जाते आणि बरीच कुटुंबे थेट कर्नाटकात, बेळगाव, बागलकोट, विजापूरकडच्या कारखान्यांवर जातात. पाच-सहा महिने मुक्काम फडातच. त्या काळात ताप येतो, कोयता लागतो, बाळंतपण होते, अंगावरून जाते. दवाखाना तिकडचाच करावा लागतो.

बंधू-भगिनींनो, आज या पानावर औषधपाण्याबद्दल लिहायचे नाही. त्या दवाखान्यातल्या डॉक्टरवर, नर्सवर आणि मालकावर सरकारचे लक्ष असते का, असले तर कोणत्या सरकारचे, आणि आपण जिल्ह्याची किंवा राज्याची वेस ओलांडली की ते लक्ष कुठे तुटते, हे सांगायचे आहे. विषय कायद्याचा वाटेल, पण तो आपल्या बायांच्या पोटाशी येऊन थांबतो.

पिशवीची गोष्ट आधी सांगते, कारण बीडचे नाव देशभर त्यामुळेच गेले. २०१९ च्या एप्रिलमध्ये वर्तमानपत्रांत बातम्या आल्या की बीडमधल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात आहेत. त्याच वर्षी जूनमध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात आकडा दिला. तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ बायांच्या पिशव्या काढल्या गेल्या होत्या. पुढे डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायांमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये महाराष्ट्राचे हे प्रमाण शंभरात तीनपेक्षाही कमी होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत एक नाही, हे मान्य. तरी सहात एक आणि शंभरात तीन यांतला फरक पद्धतीचा नसतो.

या मागचे कारण आपल्याला कोणी शिकवायला नको. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली. एक दिवस खाडा पडला की मुकादम पाचशे रुपये कापणार. पाळीच्या दिवसांत फडात ना आडोसा, ना पाणी. तीन-चार बाळंतपणे झालेली बाई अंगावरून पांढरे जाते म्हणून दवाखान्यात जाते आणि डॉक्टर म्हणतात, पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका. बाईही विचार करते, एकदाची कटकट जाईल, खाडा पडणार नाही. बाईची अडचण खरी, भीती खरी, पण सल्ला चुकीचा.

नर्स म्हणून एवढे स्पष्ट सांगते. पांढरे जाणे बहुतेक वेळा जंतुसंसर्गाने असते आणि ते गोळ्यांनी बरे होते. नवऱ्यालाही सोबत औषध घ्यावे लागते, ते तो घेत नाही, म्हणून परत होते. पिशवी काढण्याची खरी कारणे वेगळी आहेत. कॅन्सर, मोठ्या गाठी, औषधाने न थांबणारा रक्तस्राव, बाहेर आलेले अंग. पिशवीसोबत अंडाशयही काढले तर तिशी-पस्तिशीतच पाळी जाण्याचे सगळे त्रास सुरू होतात. अंगाची लाही होते, झोप जाते, हाडे ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. ऑपरेशननंतर किमान दीड महिना जड उचलायचे नसते, आणि आपल्या बाया पंधराव्या दिवशी डोक्यावर मोळी घेऊन ट्रकची फळी चढतात.

या बातम्यांनंतर बीड जिल्हा प्रशासनाने नियम केला की खासगी रुग्णालयाने पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी. चांगला नियम. पण तो बीडपुरता. शेजारच्या जिल्ह्यातल्या दवाखान्यात झालेले ऑपरेशन बीडच्या सिव्हिलच्या वहीत येत नाही. कर्नाटकात झालेले तर महाराष्ट्राच्याच वहीत येत नाही. बाई मात्र तीच, बीडचीच.

दवाखाना एका कायद्याचा, डॉक्टर दुसऱ्या

हे असे का, ते समजून घेऊ. संसदेने कशावर कायदा करायचा आणि राज्याने कशावर, याच्या तीन याद्या बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहेत. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा विषय राज्यसूचीत, सहाव्या नोंदीत आहे. वैद्यकीय व्यवसाय मात्र समवर्ती सूचीत, सव्विसाव्या नोंदीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. म्हणून दवाखान्याच्या इमारतीचा परवाना राज्याचा, आणि आत बसलेल्या डॉक्टरची नोंदणी राज्य आणि केंद्र यांच्यामध्ये वाटलेली.

महाराष्ट्रात खासगी रुग्णालयाची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. नोंदणीचे प्रमाणपत्र दिसेल अशा जागी लावावे लागते. २०२१ च्या जानेवारीत या कायद्याचे नियम सुधारले. रुग्णहक्कांची सनद आणि मुख्य सेवांचे दर लावणे रुग्णालयांवर बंधनकारक झाले. कर्नाटकात वेगळा कायदा आहे, २००७ चा खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा. तिथे नोंदणी आणि तक्रार दोन्हींसाठी जिल्हा पातळीवर एक प्राधिकरण आहे आणि त्याचे प्रमुख तिथले जिल्हाधिकारी, ज्यांना तिकडे डेप्युटी कमिशनर म्हणतात. केंद्राने २०१० मध्ये सगळ्या देशासाठी क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा केला होता. तो राज्याने स्वीकारला तरच तिथे लागू होतो. महाराष्ट्राने स्वीकारला नाही, कर्नाटकानेही नाही. त्यामुळे सीमेच्या अलीकडे एक कायदा, पलीकडे दुसरा, आणि मधून जाणारा ट्रॅक्टर एकच.

डॉक्टरचेही तसेच. महाराष्ट्रातला ॲलोपॅथी डॉक्टर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे नोंदवतो, कर्नाटकातला तिथल्या परिषदेकडे. डॉक्टर चुकला तर तक्रार त्याच्या राज्याच्या परिषदेकडे. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा निराळ्या. आणि कोणी काय औषध लिहायचे हेही राज्यागणिक बदलते. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितले की दुसऱ्या पॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे द्यायची तर त्याच्या राज्याच्या कायद्यात तशी मुभा हवी. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलून एका वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना ती मुभा दिली, आणि त्यावरून डॉक्टरांच्या संघटनांमध्ये अजून भांडण चालू आहे. ते भांडण त्यांचे त्यांना लखलाभ. पण फडात तापाने फणफणलेल्या लेकराची आई पाटीवरची चार इंग्रजी अक्षरे वाचून यातले काय ओळखणार?

म्हैसाळचा ओढा

सीमेचा फायदा घेणारे घेतात. २०१७ च्या मार्चमध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळ गावी, मिरज तालुक्यात, गर्भपातादरम्यान एका तरुण बाईचा मृत्यू झाला. तपासात गावाजवळच्या ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. दवाखाना चालवणारा डॉक्टर होमिओपॅथीचा होता. म्हैसाळहून पुढे काही किलोमीटर गेले की कर्नाटकातले कागवाड लागते, आणि पोलिसांनी कागवाड व विजापूर इथल्या डॉक्टरांनाही अटक केली. आरोप असा होता की गर्भाची तपासणी पलीकडे व्हायची आणि गर्भपात अलीकडे. गर्भलिंग निदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा दोन्ही राज्यांत एकच आहे. पण सोनोग्राफी मशीन तपासणारा अधिकारी आपापल्या हद्दीतला. एका राज्याच्या अधिकाऱ्याने मशीन बघायचे आणि दुसऱ्याच्या अधिकाऱ्याने ऑपरेशनची खोली. दोघांनी एकमेकांना फोन केला तरच चित्र पुरे होणार.

आपल्या जिल्ह्याने याची किंमत आधीच मोजली होती. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली होत्या, राज्यात सगळ्यांत कमी. २०१२ मध्ये परळीच्या एका दवाखान्यात गर्भपातावेळी बाईचा मृत्यू झाला आणि त्या प्रकरणात डॉक्टर दांपत्याला २०१९ च्या फेब्रुवारीत दहा वर्षांची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी, जामिनावर असताना, तोच डॉक्टर परळीजवळ पुन्हा रुग्ण तपासताना आढळला. आरोग्य खात्याच्या पथकाने छापा घातला तेव्हा ते बाहेर आले. आपल्याच तालुक्यात, सगळ्यांना नाव ठाऊक असलेला माणूस हे करू शकतो, तर अनोळखी मुलुखात अनोळखी पाटीखाली कोण बसले आहे हे आपल्याला कसे कळावे?

युरोपात काय करतात

हा प्रश्न फक्त आपला नाही. जगात जिथे जिथे शेजारच्या देशांनी व्यापाराचे गट केले, माल आणि माणसे मोकळी ये-जा करू लागली, तिथे हाच पेच आला. गहू-साखर सीमेपलीकडे गेली तर वजनकाट्यावर तपासता येते. डॉक्टर गेला तर काय तपासायचे?

युरोपीय संघाचे उदाहरण सगळ्यांत जुने आणि सगळ्यांत शिकण्यासारखे. तिथे २००५ च्या एका निर्देशाने ठरले की एका देशातली डॉक्टर-नर्सची पदवी दुसऱ्या देशाने मानायची. नर्ससाठी किमान तीन वर्षे आणि ४,६०० तासांचे शिक्षण, असे मापही घातले. पण कागद मानला म्हणजे माणूस तपासला असे होत नाही. २००८ च्या फेब्रुवारीत जर्मनीहून इंग्लंडमध्ये सुट्टीच्या दिवसांची ड्युटी करायला आलेल्या एका डॉक्टरने पहिल्याच पाळीत एका वृद्ध रुग्णाला वेदनाशामकाचा दहापट डोस दिला. रुग्ण दगावला. नंतर उघड झाले की इंग्लंडमधल्याच एका भागाच्या आरोग्य यंत्रणेने इंग्रजी पुरेसे येत नाही म्हणून त्याला नाकारले होते, आणि दुसऱ्या भागाच्या यंत्रणेने यादीत घेतले होते. एकाच देशात एका कार्यालयाचे दुसऱ्याला माहीत नव्हते.

नंतर युरोपाने शहाणपण केले. २०१६ च्या जानेवारीपासून तिथे इशारा पाठवण्याची सक्ती आहे. एखाद्या डॉक्टरला, नर्सला किंवा सुईणीला एका देशात कामावर बंदी घातली, किंवा कोणी खोटी पदवी दाखवताना पकडला गेला, तर तीन दिवसांच्या आत संघातल्या सगळ्या देशांच्या नियामकांना ते कळवावे लागते. शेजारी विचारील तेव्हा सांगू, असे चालत नाही. माझ्या मते संपूर्ण व्यवस्थेत हीच सगळ्यांत कामाची गोष्ट आहे. तिला नवा दवाखाना लागत नाही, नवे यंत्र लागत नाही. एका कार्यालयाने दुसऱ्याला वेळेत कळवायचे, बस.

आग्नेय आशियातल्या देशांच्या आसियान गटाने २००६ मध्ये नर्सिंगसाठी एकमेकांची पात्रता मानण्याचा करार केला. कागदावर तो आहे, पण प्रत्येक देशाने आपली परीक्षा आणि आपली भाषा कायम ठेवली. म्हणून त्या वाटेने नर्स फारशा गेल्या नाहीत. ज्यांना हा कडकपणा जाचक वाटतो त्यांना मी विचारीन की रुग्णाची भाषा न येणारी नर्स रात्रपाळीला तुमच्या आईजवळ चालेल का?

आपल्याकडे २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने सगळ्या देशाची एक राष्ट्रीय वैद्यकीय नोंदवही ठरवली. नोंदणी नसताना डॉक्टरकी करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही ठेवली. नोंदवहीचे संकेतस्थळ २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले, पण त्यात नावे भरण्याचे काम फार संथ आहे. तोवर महाराष्ट्राची वही मुंबईत, कर्नाटकाची बंगळुरूत.

भाषा कानडी, अंगठा मराठी

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे वस्तीतली एक बाई आली. वय तिशीच्या आसपास. ताप होता, टाक्यांतून पू येत होता. कर्नाटकात कारखान्याजवळच्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन झाले होते. "ताई, पिशवी सडलीय म्हणले, म्हणून काढली," एवढेच तिला माहीत. अंडाशय काढले की ठेवले, माहीत नाही. कागद मागितले तर पदरातून एक चिठ्ठी निघाली, औषधांची, कानडीत. डिस्चार्ज कार्ड नाही, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट नाही, पावती नाही. सही कोणी केली विचारले तर म्हणाली, "ह्यांनी अंगठा दिला, मुकादम बरोबर हुते." आम्ही तिला अंबाजोगाईला स्वाराती रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून पहिल्यापासून शोध घेतला, तेव्हा कुठे उपचार सुरू झाले. बाई वाचली. पण तक्रार करायची म्हटली तर हातात काही नव्हते, आणि त्या गावी परत जाण्याइतकी मजुरीही सुटत नव्हती.

या एका प्रसंगात किती नियम मोडले ते बघा. डॉक्टरांसाठी २००२ ची आचारसंहिता आजही लागू आहे. तिच्यात लिहिले आहे की डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा आणि चिठ्ठीवर, दाखल्यावर, पावतीवर छापावा. दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षे जपावेत. रुग्णाने किंवा त्याच्या माणसाने मागितले तर ७२ तासांत द्यावेत. ही संहिता बेळगावातही तीच आणि बीडमध्येही तीच, कारण ती केंद्राची आहे.

आणि संमती. २००८ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका प्रकरणात निकाल दिला, तो आपल्या प्रत्येक बाईला ठाऊक असावा. एका बाईने फक्त दुर्बिणीने तपासणी करायला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना डॉक्टरने तिच्या आईची संमती घेऊन पिशवी आणि अंडाशये काढून टाकली. न्यायालय म्हणाले, बाई सज्ञान आहे, जिवावर बेतलेली वेळ नव्हती, तर आईची संमती ही तिची संमती होत नाही. जिथे जन्मदात्या आईची संमती चालली नाही, तिथे नवऱ्याचा अंगठा आणि मुकादमाची हजेरी कशी चालेल? संमती बाईची, तिला समजणाऱ्या भाषेत, काय काढणार आणि न काढता काय उपाय आहे हे सांगून.

पिशवीबाबत आता सगळ्या देशासाठीही काही ठरले आहे. बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अशाच प्रकारांवरून २०१३ मध्ये दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी निकाल दिला. केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश दिला. त्यांत जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर पिशवीच्या ऑपरेशनांवर देखरेख करणाऱ्या समित्या आहेत. म्हणजे बीडचा नियम जिथे थांबत होता, तिथून पुढे कर्नाटकातल्या जिल्ह्यातही अशी समिती असली पाहिजे. आपल्या जिल्ह्याच्या समितीने तिकडच्या समितीला पत्र लिहावे, आमच्या इतक्या बाया तुमच्याकडे येतात, त्यांच्या ऑपरेशनांची माहिती आम्हाला कळवा, एवढी मागणी ग्रामसभेतून आणि महिला मंडळाच्या निवेदनातून करता येते. युरोपातले देश तीन दिवसांत कळवतात, दोन शेजारी राज्यांनी महिन्यात कळवले तरी खूप झाले.

कार्ड कुठे चालते

पैशाचेही सीमेवर असेच. आयुष्मान भारतचे कार्ड असेल तर ते योजनेत असलेल्या देशातल्या कोणत्याही रुग्णालयात चालते, कर्नाटकातही. महात्मा फुले जन आरोग्य योजना मात्र राज्याची. २०२३ मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या कर्नाटकातील ८६५ गावांच्या मराठी लोकांना ही योजना देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा कर्नाटक सरकारने जोरदार हरकत घेतली. सीमावादाचे राजकारण मोठे आहे, त्यात मी जात नाही. पण आजारी माणसाचे कार्ड कुठे चालावे हे नकाशावरच्या भांडणावर ठरावे, हे काही मला पटत नाही. म्हणून फडावर निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाचे आयुष्मान कार्ड निघाले आहे का ते बघा. आशाताईला विचारा, आपले सरकार केंद्रावर जा. टोळीत वीस कोयते असतील तर वीस घरांची कार्डे एकाच दिवशी काढून होतील.

मुकादमालाही विसरू नका. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदारावर मोफत औषधोपचाराची जबाबदारी टाकली होती. आता तो कायदा २०२० च्या कामगार संहितेत सामावला आहे. फडात मात्र उलटेच चालते. औषधाचे पैसे मुकादम देतो आणि उचलीत लिहितो.

आपल्या पोरींसाठी

थोडे माझ्या पेशाबद्दल. खासगी दवाखान्यात पांढरा कोट घातलेली प्रत्येक मुलगी नर्स नसते. जीएनएम किंवा एएनएम झालेली आणि राज्याच्या परिचर्या परिषदेत नोंद असलेली ती नर्स. बारावी करून महिना चार-पाच हजारांवर ठेवलेली आपली पोर सलाइन लावते, टाके काढते, आणि काही बिघडले की मालक तिच्याकडेच बोट दाखवतो. तिला दोष देण्यात अर्थ नाही, तिला ठेवणाऱ्याला विचारा.

ज्यांना मुलीला नर्सिंगला घालायचे आहे त्यांनी प्रवेशाआधी कॉलेजला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची आणि भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे का ते कागदावर बघावे. दलालाच्या तोंडी शब्दावर फी भरू नये. बिनमान्यतेच्या कॉलेजचे प्रमाणपत्र घेऊन राज्यातच नोंदणी होत नाही, तर बाहेर कुठून होणार? नोंदणी असलेल्या नर्सला कर्नाटकात काम करायचे तर इथल्या परिषदेचे ना-हरकत पत्र घेऊन तिथे पुन्हा नोंद करावी लागते. परदेशाची वाट आणखी लांब आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात नर्सही आहेत. तिथे जर्मन भाषेची परीक्षा आणि आपल्या डिप्लोमाची तपासणी झाल्याशिवाय नर्स म्हणून उभे करत नाहीत. हा कडकपणा आपल्या पोरींना जड जातो, तरी मला तो चुकीचा वाटत नाही. फडाजवळच्या दवाखान्यातही एवढीच चौकशी व्हावी, एवढेच म्हणते.

निघण्याआधी आणि तिकडे गेल्यावर

गोऱ्हे समितीने स्थलांतराआधी आणि परत आल्यावर बायांची तपासणी आणि आरोग्य कार्ड सुचवले होते. तुमच्या गावात तपासणीचे शिबिर झाले नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राला वस्तीच्या सह्यांचे पत्र द्या. पाळीचा, पांढरे जाण्याचा त्रास असेल तर निघण्याआधी सरकारी दवाखान्यात दाखवा. गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी तिथे फुकट होते आणि पाच मिनिटांत होते, कॅन्सरची भीती मनात घेऊन फडावर जायचे कारण नाही.

तिकडे कोणी पिशवी काढायला सांगितली तर लगेच हो म्हणू नका. रक्त वाहत नसेल तर हे ऑपरेशन घाईचे नसते. चिठ्ठी घ्या, सोनोग्राफीचा कागद घ्या आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्या. गावी परतल्यावर बीडचे सिव्हिल आहे, अंबाजोगाई आहे. रक्तस्राव, बाळंतपणाची अडचण असा जिवावरचा प्रसंग असेल तर १०८ लावा, तो नंबर दोन्ही राज्यांत चालतो.

ऑपरेशन करावेच लागले तर चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक आहे का ते टोळीतल्या शिकलेल्या पोराला बघायला सांगा. आता प्रत्येक टोळीत एक तरी मोबाइलवाला असतोच, आणि महाराष्ट्र व कर्नाटक दोन्ही परिषदांच्या संकेतस्थळांवर डॉक्टरचे नाव शोधता येते. काढलेली पिशवी प्रयोगशाळेत पाठवा आणि रिपोर्ट द्या, असे सांगा. खरा डॉक्टर याला नाही म्हणत नाही. डिस्चार्ज कार्ड आणि पावती घेतल्याशिवाय दवाखाना सोडू नका. सगळ्या कागदांचे फोटो काढून गावातल्या नातेवाइकाला पाठवा, कारण कोपीतले कागद पावसात आणि चुलीत जातात.

तक्रार करायची वेळ आली तर दवाखाना ज्या जिल्ह्यात आहे तिथेच ती करावी लागते. महाराष्ट्रात असेल तर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी, कर्नाटकात असेल तर डेप्युटी कमिशनरचे प्राधिकरण. डॉक्टरविरुद्ध असेल तर त्याच्या राज्याची वैद्यकीय परिषद. अर्ज लिहून पोस्टाने पाठवला तरी चालतो, सोबत कागदांच्या झेरॉक्स जोडा, आणि त्याची एक प्रत बीडच्या जिल्हाधिकारी कार्यालयात देऊन पोच घ्या.